ज्योती सर की ज्योती मॅडम?

वाणीचा अर्ज पहिल्याच शब्दापाशी अडला. ‘डिअर’ एवढं लिहून झालं होतं. पुढे काय घालावं ते कळत नव्हतं.

जाहिरात चेन्नईच्या टी. नगरमधल्या एका जुन्या साड्यांच्या दुकानाची होती. ऑनलाइन विक्री वाढली तशा गिऱ्हाइकांच्या तक्रारीही वाढल्या, आणि त्यांना नीट उत्तरं लिहिणारं माणूस दुकानाला हवं होतं. लग्नाआधी वाणी एका कुरिअर कंपनीत हेच काम करायची. मग लग्न झालं, संयुक्ता झाली, आणि पुढे सासूबाईंचं लांबलेलं आजारपण आलं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. नवरा सुधींद्र बँकेत, मुलगी कॉलेजात. दुपारी वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये ती, सासरे आणि पंख्याचा आवाज. या वयात आपल्याला कोण विचारतंय, असं तीच सगळ्यांना सांगत असे. पण जाहिरात वाचल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

अर्ज ‘टी. ज्योती, मॅनेजर’ यांच्या नावे करायचा होता. पुण्या-नाशकात हा प्रश्नच आला नसता. चेन्नईत मात्र ज्योती नावाचे चांगले झुपकेदार मिशांचे पुरुष असतात.

“रिस्पेक्टेड सर घाल गे,” सासरे बालाजीराव म्हणाले. ते विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि पत्र म्हटलं की अजूनही ताठ बसत. “मॅनेजर म्हणजे सर. माझे अस्के अर्ज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी असेच लिहिले.”

“अय्यो ताता, आता असं कोण लिहितं?” संयुक्ता आजोबांना म्हणाली. “अम्मा, ‘हाय ज्योती’ लिही आणि पाठव.”

“हाय? नोकरी मागते की सिनेमाला बोलावते?” बालाजीराव म्हणाले.

वाणीनं सरळ दुकानात फोन लावला. सर की मॅडम असं विचारायची लाज वाटली, म्हणून तिनं तमिळमध्ये एवढंच विचारलं, “ज्योती आहेत का?”

“साप्पिड पोयिरुक्कांग,” पलीकडून उत्तर आलं.

म्हणजे जेवायला. पण जेवायला गेले की गेल्या? तमिळमध्ये एकदा मान दिला की बाई-पुरुष हा भेदच उरत नाही. बालाजीरावांनी तिच्या हातून फोन घेतला. “तुमचे मॅनेजर जेंटलमन आहेत ना?”

“रोम्ब नल्लवंग, सार!” खूप चांगलं माणूस आहे, असं प्रशस्तिपत्र देऊन पलीकडच्यानं फोन ठेवला.

“बघ. जेंटलमन,” बालाजीराव म्हणाले.

‘रिस्पेक्टेड सर’ घालून अर्ज रवाना झाला. वाणीनं कॉफी टाकली. दूध वर येतंय तोच संयुक्ता मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. दुकानाच्या वेबसाइटवर फोटो होता: हिरव्यागार रेशमी साडीतली हसरी बाई, खाली मोठ्या अक्षरात ‘ज्योती’.

दूध उतू गेलं. वाणीनं ओल्या हातानंच दुसरा मेल लिहिला: ‘डिअर मॅडम, आधीचा अर्ज कृपया पाहू नये.’ तो गेल्यावर तिनं शांतपणे फोटो पुन्हा पाहिला. बाजूला आणखी दोन बायका होत्या. एकीखाली ‘दीपम’, दुसरीखाली ‘विळक्कु’, म्हणजे पुन्हा दिवाच. ती साड्यांच्या नव्या डिझाइनांची नावं होती.

“अम्मा, सॉरी,” संयुक्ता पुटपुटली.

वाणीनं खुर्ची ओढली आणि दोन्ही मेल पुन्हा वाचले. समोर असतं तर हे ज्योती नावाचं माणूस आपल्याला हसलं असतं, आणि आपणही हसलो असतो. मग तिनं कुणालाच न विचारता तिसरा मेल लिहिला. ‘डिअर टी. ज्योती, आज मी आपल्याला एकदा पुरुष केलं आणि एकदा स्त्री. त्यातलं एक तरी चुकलं आहे, आणि न विचारता ठरवणं तर दोन्ही वेळा चुकलं. तक्रारींना उत्तरं लिहायचं काम मागणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी तक्रारीला जागा ठेवली, याबद्दल क्षमस्व.’ खाली सही केली: वाणी राव.

पाठवल्यावर तिला बरं वाटलं. नोकरी गेली, हे तिनं मनाशी धरून टाकलं.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. टी. नगरच्या गर्दीतून वाट काढत ती दुकानाच्या माडीवर पोचली, तेव्हा टेबलामागे जाड चष्म्याची एक बाई तिचेच तिन्ही मेल वाचत बसली होती.

“मी ज्योती,” बाई तमिळमध्ये म्हणाल्या. “विणकर, बँक, ट्रान्सपोर्टवाले, सगळे मला सर म्हणूनच लिहितात. मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. माफी मागणारी तूच पहिली.” त्यांनी फाटलेल्या पदराची एक तक्रार पुढे सरकवली. “याला उत्तर लिही पाहू.”

वाणीनं लिहिलं. ज्योती मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

नेमणुकीचं पत्र मालकांच्या ऑफिसातून कुरिअरनं घरी आलं. बालाजीरावांनी चष्मा लावून पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मिस्टर वाणी राव! गे वाणी, हे काय? परत पाठव. आत्ताच्या आत्ता कडक पत्र लिहू आपण.”

संयुक्ता हसून हसून सोफ्यावर कोसळली. वाणी पाकीट हातात घेऊन उभी राहिली. या घरात लग्नाच्या पत्रिका येत, सोसायटीच्या नोटिसा येत, देवळाचा प्रसाद येई; सगळ्यावर नाव सुधींद्र राव आणि कुटुंब. आजारपणाची बिलंही सासूबाईंच्या नावानं आली. तिच्या नावाचं, तिच्या एकटीच्या नावाचं पाकीट या दारात आल्याचं तिला आठवेना.

“मामंजी, राहू द्या,” ती म्हणाली. “सोमवारी मी कामावर गेले की उत्तर लिहीन त्यांना.”

आणि पत्राची घडी उघडायच्या आधी तिनं पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.