करावाँगचा शेवटचा मूळ भाग

डल्सी नोस्केच्या कोंबड्या बॉम्बफेकी विमानात राहत असत. यात वारापिन गावातल्या कोणाला काही विशेष वाटत नसे. महायुद्ध संपल्यावर सरकारने उरलेली विमानं लिलावात काढली, तेव्हा गव्हाच्या त्या कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी ती ट्रॅक्टरला बांधून घरी ओढत आणली होती. विमानं म्हणून ती कोणालाच नको होती. गाड्यांना टायर हवे होते, टाकीत उरलेलं पेट्रोल हवं होतं, आणि खिळे-स्क्रू तर पुढच्या दोन पिढ्यांना पुरले. डल्सीच्या सासऱ्याने आणलेल्या विमानाच्या जातीचं नाव करावाँग. करावाँग हा तिकडचा एक काळा, कर्कश पक्षी. सासऱ्याने विमानाचे पंख कापून मेंढ्या भादरायच्या शेडवर पत्रे म्हणून घातले आणि उरलेल्या धडात कोंबड्या सोडल्या. साठ वर्षांत कोंबड्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

तक्रार शेजारच्या क्लॅरी पेन्हॉलचीही नव्हती. क्लॅरी ऐंशी ओलांडलेला, बायको वारलेली, मुलगा रॉस ॲडलेडला. गाडीने दोन तासांची वाट, पण रॉसला ती फार लांब वाटे. तरुणपणी क्लॅरी करावाँगमध्येच वायरलेसवर होता. युद्धभर तो आणि त्याचे दोन सोबती समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधत फिरले आणि त्यांना देवमासे सापडले. आता रोज संध्याकाळी तो डल्सीकडे अंडी गोळा करायला येई. म्हणजे अंड्यांच्या निमित्ताने विमानात शिरे, वायरलेसवाल्याच्या खुर्चीवरची कोंबडी उठवून तिथे स्वतः बसे, आणि चहाची हाक येईपर्यंत बसून राही. उभ्या दिवसात दाढी करावी असं त्याला एवढ्या एकाच गोष्टीसाठी वाटत असे.

अशा सुरळीत चाललेल्या खुराड्यात एक दिवस दुर्मिळ लष्करी विमान शोध व जतन मंडळाचे अध्यक्ष लिंडसे क्वॉरल यांनी डोकं घातलं. क्वॉरल हे निवृत्त पोस्टमास्तर असून विमानात बसायला घाबरत. त्यांनी हॅट काढून छातीशी धरली आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही.

“बाई,” शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “जगात उरलेलं हे एकमेव करावाँग आहे.”

“असेल,” डल्सी म्हणाली. “अंडी किती देऊ?”

“यात सध्या राहतं कोण?”

“कोंबड्या. आणि संध्याकाळचा क्लॅरी.”

डल्सीचा विमान द्यायला साफ नकार होता. कोंबड्यांना दुसरं घर कोण बांधून देणार, हा तिचा सवाल होता आणि तो रास्त होता. तिला पटवलं ते क्लॅरीनेच. “अगं, रंगबिंग लावतील त्याला. पंख बसवतील. परत उभं राहील ते. मरायच्या आधी मला बघू दे की.” क्वॉरलनीही त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला की विमान तयार झालं की त्या खुर्चीत पहिले बसाल ते तुम्हीच. क्लॅरीने त्या दिवशी दुसऱ्यांदा दाढी केली.

विमान गावातल्या लोकरीच्या जुन्या गोदामात गेलं. कोंबड्या पत्र्याच्या नव्या खुराड्यात गेल्या आणि त्यांनी अंडी देणं थांबवलं. क्लॅरी डल्सीकडे येत राहिला, पण उगाच अंगणात उभं राहून चहाची वाट बघायची त्याला सवय नव्हती.

मंडळाची कामाची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती. दर गुरुवारी सभासद जमत, चहा पीत, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक खात आणि मग हात धुऊन भागांना चिठ्ठ्या बांधत. हिरवी चिठ्ठी म्हणजे मूळ भाग. पिवळी म्हणजे नव्याने घडवलेला. करावाँगचे हरवलेले अवयव शोधायला माणसं देशभर फिरली. दरवाजा एका डुकरांच्या वाड्याला लावलेला सापडला, मागचं चाक जत्रेतल्या पाळण्याखाली, आणि काचेचा घुमट एका बाईंनी टोमॅटोच्या रोपांवर उपडा घातला होता. टोमॅटो गेले म्हणून बाई रडल्या आणि घुमट आला म्हणून मंडळ रडलं.

अडचण एकच होती. जे मूळ भाग गंजलेले होते ते बसवण्याजोगे नव्हते, आणि जे बसवण्याजोगे होते ते इतके अमोल होते की बसवणं धोक्याचं. त्यामुळे बहुतेक हिरव्या चिठ्ठीचे भाग कुलपात गेले आणि त्यांच्या जागी पिवळ्या चिठ्ठीचे आले. काही काळाने विमान इतकं उत्तम जतन झालं की त्यात विमान फारसं उरलं नाही.

मधल्या काळात कोंबड्यांच्या विष्ठेचा प्रश्न निघाला. मंडळ ती खरवडून टाकणार, एवढ्यात राजधानीहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी हात वर केला. हे यंत्र विमान म्हणून दोन वर्षं आणि खुराडं म्हणून साठ वर्षं वापरात होतं, तेव्हा त्याचा मुख्य इतिहास कोणता, असं त्यांनी विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून उपसमिती नेमण्यात आली. तिच्या निर्णयानुसार वायरलेसच्या टेबलावरचा विष्ठेचा थर पारदर्शक रोगण लावून कायम करण्यात आला आणि त्याला हिरवी चिठ्ठी मिळाली. हे ऐकून डल्सीने निरोप पाठवला की आणखी हवी असल्यास ट्रॉली भरून देईन, वाहतूक तुमची.

विमान उभं राहिलं त्या गुरुवारी क्लॅरी कोट घालून गोदामात आला. भोवती दोरी लावलेली होती. तो दोरीखालून वाकू लागला तशी क्वॉरलनी त्याला हळूच मागे घेतलं.

“क्लॅरी, जरा अडचण आहे. नियम चार. विमानात विमानाचे भाग सोडून दुसरं काहीही ठेवता येत नाही.”

“मी ठेवायला कुठे आलोय? बसायला आलोय.”

“घाम असतो माणसाला. घामात मीठ असतं. मीठ पत्रा खातं.”

“लिंडसे, त्या खुर्चीत साठ वर्षं कोंबड्या...”

“त्यांची नोंद झालेली आहे,” क्वॉरल गंभीरपणे म्हणाले. “तुमची नाही.”

क्लॅरीने भिंतीशी पडलेली एक खुर्ची ओढली आणि दोरीच्या अलीकडे बसला. पुढच्या गुरुवारीही तिथेच बसला. डल्सीकडे येणं त्याने सोडलं, दाढी करणंही सोडलं. डल्सी त्याच्या घरी सूप घेऊन गेली तेव्हा कालचं सूप तसंच होतं. तिला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. राग आल्यावर ती नियम वाचायला बसली. वारापिनमध्ये हे आजवर कोणी केलं नव्हतं.

इकडे मंडळही चिंतेत होतं. राष्ट्रीय वारसा-सूचीत नाव लागायला विमान वजनाने निम्म्याहून अधिक मूळ असावं लागतं, आणि करावाँग शेकडा एकोणपन्नासवर अडकलं होतं. मंडळाने जाहिरात दिली: करावाँगचा कोणताही मूळ भाग कोणाच्या घरी, शेडमध्ये वा अडगळीत पडलेला असल्यास कळवावे, मंडळ स्वखर्चाने घेऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी डल्सी क्लॅरीला दंडाला धरून घेऊन आली. “हा घ्या,” ती म्हणाली.

“हे काय?”

“मूळ भाग. वायरलेसच्या खुर्चीत बसवायचा. युद्धात तिथेच होता.”

“बाई, हा माणूस आहे.”

“असू दे. नियमात विमानाचा मूळ भाग म्हणजे काय लिहिलंय? उड्डाणाच्या वेळी विमानात असलेली आणि ज्याशिवाय विमान कामावर जाऊ शकत नसे अशी कोणतीही बाब. वायरलेसवाल्याशिवाय तुमचं करावाँग जात होतं कुठे?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी मंडळाची अवस्था झाली. तातडीची सभा भरली. तज्ज्ञ बाईंनी क्लॅरीची पाहणी केली. दात पिवळ्या चिठ्ठीचे निघाले. डाव्या खुब्याचा सांधा धातूचा असून ती कालविसंगत दुरुस्ती असल्याचा शेरा पडला. बाकीचा ऐवज जुना, झिजलेला, परंतु अस्सल होता. गोदामातल्या लोकरीच्या काट्यावर त्याचं वजन करण्यात आलं, दात आणि सांधा वजा जाता विमान शेकडा पन्नासच्या वर सरकलं, आणि सभासदांनी टाळ्या वाजवल्या. क्वॉरलनी स्वतःच्या हाताने क्लॅरीच्या स्वेटरच्या बटणाला हिरवी चिठ्ठी बांधली.

क्लॅरी शिडीवरून चढला आणि आपल्या खुर्चीत बसला. टेबलावरचा रोगण लावलेला थर त्याने बोटाने चाचपला. मग त्याला रडू आलं, तेव्हा क्वॉरल मिठाचा विचार करून अस्वस्थ झाले.

संध्याकाळी डल्सी न्यायला आली. “चल, उतर. चहा टाकलाय.”

“उतरवता येणार नाही,” क्वॉरल म्हणाले. “नियम नऊ. एकदा बसवलेला मूळ भाग मंडळाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. काढला की आपण पुन्हा एकोणपन्नास.”

“मग द्या परवानगी.”

“त्यासाठी त्रैमासिक सभा असते. या तिमाहीची म्हणून आजची तातडीचीच धरली.”

मंडळ निर्दय नव्हतं. क्लॅरीसाठी हिरव्या भागांच्या कपाटाशेजारी खाट टाकण्यात आली. मोरीला जाणं हे ‘नियमित देखभाल’ या सदरात बसवण्यात आलं आणि जेवणाला ‘वंगण’ म्हणून मंजुरी मिळाली. फक्त मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आली तेव्हा मंडळाने नकार कळवला. डोळ्याचं भिंग बदलणं म्हणजे हिरव्याच्या जागी पिवळा भाग बसवणं होय, आणि आपल्याकडे आता गुंजभरही वजन वाया घालवण्याजोगं नाही, असं त्यांनी डॉक्टरांना नम्रपणे लिहिलं. डॉक्टरांनी प्रदर्शनाची दोन तिकिटं मागितली.

प्रदर्शन खुलं झालं आणि गर्दी लोटली. लोक दोरीशी उभे राहत, बोट दाखवत, आणि लहान मुलं विचारत, “हा खरा आहे का?” क्वॉरल सांगत, “शेकडा चौऱ्याण्णव.” क्लॅरी देवमाशांची गोष्ट सांगे. पहिल्या आठवड्यात ते देवमासे होते. महिन्याभराने त्यांतला एक पाणबुडी झाला.

एका रविवारी दोरीपलीकडे चार अंधुक माणसं उभी राहिली. क्लॅरीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, समुद्र, ढग, खालून वर येणारी काळी पाठ. घरी ही गोष्ट सुरू झाली की रॉसला कुठेतरी जायचं असल्याचं आठवत असे. आज तिकीट काढलेलं होतं, त्यामुळे त्याने ती शेवटपर्यंत ऐकली.

“बाबा,” तो म्हणाला, “किती छान ठेवलंय हो तुम्हाला.”

“रॉस?” क्लॅरीने डोळे बारीक केले. “तू केव्हा आलास? घरी जाऊन आलास का? किल्ली डल्सीकडे आहे.”

“नाही, सरळ इथेच. मुलांना शाळेत तुमच्यावर प्रकल्प आहे.” सगळ्यांनी दोरीकडे पाठ करून, क्लॅरी मागे दिसेल असा फोटो काढला. “पुन्हा येऊ,” रॉस म्हणाला, आणि नवल म्हणजे पुढच्या महिन्यात आला.

डल्सी हे सगळं पाहत होती. तीन महिने तिने क्वॉरलच्या दारी खेटे घातले होते. सभा भरली तशी ती उभी राहिली आणि परवानगी मिळेपर्यंत खाली बसली नाही. वारसा-सूचीत नाव आधीच लागलं होतं, त्यामुळे मंडळानेही फार ताणलं नाही. ती परवानगी आणि अंड्यांची टोपली घेऊन शिडीपाशी आली.

“उतर क्लॅरी. सुटलास.”

क्लॅरी जागचा हलला नाही.

“अरे, ऐकलंस ना? घरी चल. डोळ्याचं करून घेऊ. कोंबड्याही परत अंडी द्यायला लागल्यात.”

“डल्सी,” तो हळूच म्हणाला, “रागावू नकोस. घरी मी नुसता जुना असतो गं. इथे दुर्मिळ आहे.”

“आणि मी रोज चहा टाकत होते तो कोणासाठी?”

क्लॅरीने बटणाची चिठ्ठी नीट केली, कारण बाहेर प्रेक्षकांची रांग लागली होती आणि रॉसने या रविवारी येतो म्हटलं होतं. डल्सी अंडी खाली ठेवून निघून गेली. ती आता दर गुरुवारी दोरीच्या अलीकडे, क्लॅरीच्याच जुन्या खुर्चीत बसते. तिला तिकीट पडतं.

मंडळाची ती जाहिरात मागे घ्यायची राहून गेली आहे. त्यामुळे क्वॉरलना अजून दूरदूरच्या शहरांतून फोन येतात. घरी एक जुना नमुना आहे, असं माणसं सांगतात. एक गुडघा बदललेला आहे, बाकी मूळ स्थितीत. आवाज थोडा जास्त करतो. कधी न्यायला येता? क्वॉरल समजावतात की मंडळ फक्त विमानं घेतं. ते आम्हाला माहीत आहे, असं पलीकडून उत्तर येतं, पण तुमच्याकडे नीट राहील, आणि आम्ही भेटायला येऊच की.

मागणी पाहून मंडळाने आता मोठी शेड बघायला घेतली आहे. हे वाचता वाचता ज्यांच्या नजरेसमोर आपल्याही घरचा एखादा नमुना येऊन गेला असेल, त्यांनी फोन करायला हरकत नाही. एक अट तेवढी ध्यानात ठेवावी: दिलेला भाग परत न्यायचा तर मंडळाची परवानगी लागते. ती आजवर एकीनेच मागितली आहे, आणि ती नात्यातली नव्हती.