सकाळ-संध्याकाळ एक झाकण

जंतू मारण्यात उभी हयात घालवलेल्या बाईलाच जंतूंनी गाठावं, यासारखी नामुष्की नाही. इस्पितळातल्या साफसफाईच्या मुकादमबाईंना सगळे पाठीमागे ‘निर्जंतुकबाई’ म्हणत. गेले तीन महिने त्यांच्या अंगावरून पांढरं जात होतं आणि त्याला वास येत होता. वास आला की त्या धूत, धुतलं की वास वाढे, आणि वाढला की बाटलीतलं जंतुनाशक आणखी एक झाकण. शेवटी लाज गुंडाळून त्या डॉक्टरीणबाईंपुढे बसल्या.

“योनिमार्गात जंतुसंसर्ग झालाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धुता कशानं?”

बाईंनी अभिमानानं बाटलीचं नाव सांगितलं. “दिवसातून चारदा. आतूनसुद्धा!”

“अहो, तिथे चांगले जंतू असतात. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते पहारा देतात म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. तुम्ही चोर धरायला गेलात आणि पहारेकरीच मारलेत.”

“चांगले जंतू?” तीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द बाईंनी शेजारी-शेजारी कधी ऐकले नव्हते.

“सात दिवस गोळ्या घ्या. धुवायचं नुसत्या पाण्यानं, तेही बाहेरून. गरोदरपणात हे झालं तर मूल वेळेआधी होण्याची भीती असते. तुमचं ते वय सरलंय, एवढंच बरं.”

बाई ताडकन उठल्या. त्यांचं सरलं होतं, पण सुनेला सहावा महिना होता. तिला तीच बाटली तीन महिन्यांपूर्वी बाईंनीच दिली होती, सकाळ-संध्याकाळ एक झाकण. रोज न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून त्या विचारत, “धुतलंस का गं?” आणि आतून उत्तर येई, “हो, आई.”

त्या दिवशी निर्जंतुकबाई जन्मात पहिल्यांदा चपलांसकट स्वयंपाकघरात शिरल्या.

“ती बाटली किती वापरलीस?”

सून चपलांकडे बघूनच घाबरली. “तिसरी चालू आहे.”

बाई रडायलाच लागल्या. “मीच गं वैरीण झाले माझ्या नातवंडाची!”

“आई, खरं सांगू? पहिल्याच दिवशी मला फार झोंबलं. तेव्हापासून मी त्यानं न्हाणीतली फरशी घासते. सकाळ-संध्याकाळ एक झाकण.”

त्या लखलखीत फरशीचं बाईंनी चारचौघींत कौतुक केलं होतं.

“म्हणजे तीन महिने माझ्याशी खोटं बोललीस?”

“रोज दोनदा.”

बाईंनी पदरानं डोळे पुसले. “गुणाची गं माझी पोर! अशीच खोटं बोलत जा.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “फरशीवर नसतात ना गं चांगले जंतू?”