घोषणा उचलणारा

बबनतात्यांचा उजवा हात त्यांच्या ताब्यात नाही. कोणी कोणाचं नाव जरा मोठ्यानं घेतलं, की मूठ वळून तो आपोआप वर जातो. मागे कर्जतच्या दवाखान्यात कंपाउंडरनं एका बाईंच्या नावाचा पुकारा केला, तर कोपऱ्यातून तात्या गरजले, "तुम आगे बढो!" बाई बिचाऱ्या घाबरून खरंच पुढे झाल्या. पुतण्याच्या लग्नात हार घालून होतात न होतात तोच त्यांनी नवरदेवालाही पुढे जायला सांगितलं आणि अख्ख्या वऱ्हाडानं "हम तुम्हारे साथ हैं" म्हणून मांडव दणाणून सोडला. नवरीचे वडील धास्तावले. एवढे सगळे साथ द्यायला असतील तर जेवण पुरायचं नाही, असं त्यांच्या मनात आलं असावं. मयताला जाताना मात्र तात्या हात खिशात घट्ट धरून ठेवतात. त्यासाठी सुमनकाकूंनी त्यांच्या सदऱ्याला उजवीकडे मुद्दाम खोल खिसा शिवून घेतला आहे.

तात्या माझे पळसदरीचे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण आणि एक शेवग्याचं झाड आहे. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे आवाज माझाही बरा आहे, पण तात्यांच्या मते तो वर्गापुरता. त्यांचा आवाज तालुक्याचा. भातशेती सांभाळून ते रसायनीच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या गेटसभेत घोषणा देता देता मोठ्या पक्षाच्या नजरेत भरले आणि मग जन्मभर त्याच पक्षाच्या जीपवर पुढे उभे राहिले.

आमच्याकडे मोठा पक्ष म्हटलं की नाव सांगावं लागत नाही. ग्रामपंचायत त्यांची, सोसायटी त्यांची, पाण्याचा टँकरही त्यांचाच. तात्यांना त्यातलं काही मिळालं नाही आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. निवडणुकीची चाहूल लागली की त्यांच्या घरात आचारसंहिता सरकारच्या आधी लागू व्हायची. लोणचं बंद, चिंच बंद, ताक बंद. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. त्यामुळे निवडणूक आल्याचं आम्हाला पेपरातून नाही, तात्यांच्या मोरीतून कळायचं.

घोषणेचं एक शास्त्र आहे, ते मला तात्यांनी शिकवलं. देणारा एक असतो, पण गर्दी आपण होऊन कधीच जबाब देत नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. गर्दीत एकजण असा लागतो, जो पहिला जबाब देतो. त्याच्यामागे मग सगळे तुटून पडतात. याला ते घोषणा उचलणं म्हणतात. आणि तात्यांची घोषणा पहिल्यापासून एकाच माणसानं उचलली. काशिनाथनं.

काशिनाथ म्हणजे कारखान्यात तात्यांच्या पाळीतला कामगार, शेजारच्या गावचा. बारीक अंगाचा, आवाज फाटका, शेवटच्या शब्दाला घसरणारा. एरवी दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही, पण तात्यांचा हात वर गेला की गर्दीतून त्याचा हात वर आलाच. रोज संध्याकाळी दोघं पळसदरीच्या टपरीवर चहा प्यायचे. तात्या बोलायचे, काशिनाथ मान हलवायचा. चहातही घोषणा तात्यांचीच.

मग मोठा पक्ष फुटला. भाऊसाहेब नावाचे पुढारी तिकीट न मिळाल्यामुळे बाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. तात्याही त्यांच्याबरोबर गेले. गावात लोक म्हणाले, तात्यांना काहीतरी कबूल केलं असणार. खरं कारण मला माहीत आहे. मोठ्या पक्षानं प्रचाराच्या टेंपोवर रेकॉर्ड लावली होती. घोषणाही रेकॉर्डवरची आणि जबाबही रेकॉर्डवरचा, वर ढोलताशा. तात्यांना म्हणाले, आता तुम्ही नुसतं बसून राहा, दगदग नको. तात्यांना हे फार लागलं.

काशिनाथ गेला नाही. त्याच्या मुलानं टेंपो घेतला होता, आणि तो चालायचा मोठ्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांच्या कामावर, त्यांची खडी आणि रेती वाहत. बाप नव्या पक्षात गेला असता तर टेंपो दुसऱ्या दिवशी दारात रिकामा उभा राहिला असता. काशिनाथनं हे तात्यांना सांगितलं. तात्या फक्त "बरं" म्हणाले आणि त्या दिवसापासून दोघांचा चहा बंद झाला.

मी तात्यांशी खूप वाद घालायचो. म्हणायचो, नव्या पक्षाकडे आहे काय? बंद पडलेल्या मोबाइलच्या दुकानात कार्यालय, वर जुनी पाटी अजून तशीच. त्यात जमलेले सगळे तिकीट हुकलेले. समोरच्याकडे पैसा, माणसं, टँकर. टिकणार कसे? तात्या शांतपणे गुळणी थुंकायचे.

"सर, मोठ्या पक्षाला रेकॉर्ड लावायला लागली ना? म्हंजी जबाब द्यायला त्याला मानसं नाय ऱ्हायली. जी हायेत ती भाड्याची. त्यांचा जबाब उशिरा येतो, आधी मुकादमाकडं बघत्यात. असा पक्ष आतून पोकल हाय. आमी बारीक हाव, पन आमी आमच्या तोंडानं बोलतो."

मला ते पटायचं नाही. त्या दिवसांत सकाळी तात्यांच्या शेतावरून घोषणा ऐकू यायची आणि मागोमाग जबाबही, फाटक्या आवाजातला, शेवटी घसरणारा. काशिनाथ लोकांचा डोळा चुकवून बांधावर येत असावा असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. विषय मी काढला नाही.

प्रचाराच्या शेवटी नव्या पक्षानं खोपोलीत शिळफाट्यावर फेरी काढली. सुट्टी असल्यामुळे मीही बघायला गेलो. मोजकी माणसं, पुढे तात्या. चौकाच्या पलीकडे मोठ्या पक्षाचा मांडव, खुर्च्या गच्च भरलेल्या, आणि कान फुटतील अशी रेकॉर्ड. पहिल्या रांगेत काशिनाथ गळ्यात उपरणं घालून बसला होता, दगदग न करता.

फेरी मांडवासमोर आली आणि नेमका त्यांचा जनरेटर बंद पडला. चौक एकदम गप्प झाला. तात्यांना अशी संधी जन्मात मिळाली नव्हती. हात वर करून त्यांनी सगळा जीव ओतला, "भाऊसाहेब, तुम आगे बढो!"

त्यांच्या मागची पोरं मोबाइलवर शूटिंग करण्यात गुंतलेली. एकानंही तोंड उघडलं नाही. तात्यांचा हात तसाच वर. तेवढ्यात पलीकडच्या मांडवातून, पहिल्या रांगेतून, फाटक्या आवाजात जबाब आला, "हम तुम्हारे साथ हैं!" काशिनाथ उभा होता, मूठ वळलेली. आणि त्याच्यामागे, इतक्या वर्षांच्या सवयीनं, मोठ्या पक्षाचा अख्खा मांडव भाऊसाहेबांना साथ द्यायला ओरडला.

मग जो हशा पिकला, त्यात रिक्षावाले आणि वडापाववालेही सामील झाले. काशिनाथ मात्र स्वतःच्या हाताकडे बघत होता. त्याचं तोंड उतरलेलं मला रस्त्याच्या अलीकडूनही दिसलं.

त्या संध्याकाळी तात्यांबरोबर मीही नव्या पक्षाच्या कार्यालयात गेलो, तर तिथे जणू दिवाळी होती. भाऊसाहेबांच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये सगळं आलं होतं, काशिनाथच्या हातासकट. हा व्हिडिओ घरोघर गेला की वारं फिरलंच, असं सगळे म्हणत होते, आणि मलाही तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा पक्ष लढत देऊ शकेल. तात्या उठले. म्हणाले, व्हिडिओ पुसा. भाऊसाहेबांना वाटलं थट्टा आहे.

"भाऊसाहेब, त्याच्या पोराचा टेंपो हाय," तात्या म्हणाले. "पक्ष आपन परत उभा करू. ह्यो पुसा, नायतर उद्यापासून घोषना तुमीच द्या."

तात्यांखेरीज घोषणा द्यायला दुसरं कोणी नव्हतंच. पुतण्यानं कुरकुरत व्हिडिओ पुसला. पुढे नवा पक्ष हरला, आम्हाला वाटलं होतं तितका वाईट नाही, पण हरलाच.

त्या संध्याकाळी कार्यालयातून बाहेर पडताच तात्या मला म्हणाले, सर, स्कूटर काढा. आम्ही थेट मोठ्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांकडे गेलो. काशिनाथच्या मुलाला टेंपो उद्यापासून आणू नको म्हणून निरोप गेलाच होता. तात्यांनी सरळ सांगून टाकलं, की काशिनाथ बोललाच नाही. दोन्ही आवाज माझेच. आमच्याकडे उचलणारा कोणी नाही, म्हणून घोषणाही मी देतो आणि जबाबही मीच देतो. काशिनाथ दचकून उभा राहिला, एवढंच.

अध्यक्ष खुर्चीत रेलून म्हणाले, "मग त्याचा आवाज काढून दाखवा."

तात्या उभे राहिले. हात वर केला. "अध्यक्षसाहेब, तुम आगे बढो!" आणि मग मान जराशी खाली घालून, काशिनाथच्या फाटक्या आवाजात, शेवटच्या शब्दाला घसरत, "हम तुम्हारे साथ हैं." मी शेजारी उभा होतो, तरी मला वळून मागे बघावंसं वाटलं. ज्या पक्षानं आपल्याला बसवून ठेवलं, त्याच्याच अध्यक्षाला तात्यांनी पुढे जायला सांगितलं होतं. अध्यक्ष पोट धरून हसले आणि टेंपो चालू ठेवा म्हणाले.

परत येताना पळसदरीच्या टपरीपाशी तात्यांनी थांबायला सांगितलं. दोन चहा मागवले. मी म्हणालो, "तात्या, आवाज हुबेहूब काढलात. एवढी तयारी केली कधी?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. उजवा हात मांडीवर निमूट पडला होता.

"तयारी कसली, सर. पक्ष सोडल्यापास्नं शेतावर रोज देतो. पहिली घोषना दिली का मी थांबतो. जबाब आला नाय तर दुसरी तोंडातून निघतच नाय. मंग त्याच्या आवाजात मीच देतो, आनि पुढं जातो."