हरकतीला हरकत

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या घरभाडे कोर्टात नोरीन डफी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिचे गुडघे कोर्टाचा अवमान होईल इतके वाजत होते. लॉ स्कूलच्या शेवटच्या वर्षाला 'क्लिनिक' हा प्रत्यक्ष वकिलीचा विषय घेतला, की विद्यार्थ्यालाही खरं अशील मिळतं. शेजारी प्राध्यापक बसलेले असले म्हणजे झालं. नोरीनच्या वाट्याला आल्या होत्या म्हाताऱ्या मिसेस ब्रँच. घरमालक त्यांना ऐन बर्फात घराबाहेर काढायला निघाला होता.

"लक्षात ठेव," प्रोफेसर लिंडक्विस्ट कुजबुजले, "वेळेवर हरकत घेतली नाहीस, तर हक्क गेला."

हे तिनं इतकं घोकलं होतं, की आईनं ताटात बटाटे वाढले तरी ती "हरकत आहे!" म्हणून ओरडत होती.

घरमालकाचे वकील क्रेन उठले. "आमचा माणूस सांगत होता, की नोटीस—"

"हरकत आहे! ऐकीव माहिती!"

"मान्य," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

आणि क्रेन चक्क गप्प बसले. नोरीन बघतच राहिली. घरी तिचं कुत्रंसुद्धा ऐकत नव्हतं, आणि इथं तिच्या एका शब्दानं एवढा मोठा वकील थांबला! केवढी ही जागा आणि केवढा हा शब्द! तिचे डोळे भरून आले. मग काय, तिला चेवच चढला. "हा अंदाज आहे!" "हे गैरलागू आहे!" क्रेन नुसते खोकले तरी ती अर्धी उठली, प्रोफेसरांनी कोट ओढून तिला खाली बसवलं.

शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, "घरमालकानं नोटीस चिकटवली शेजारणीच्या दारावर. तेव्हा त्याचा हा दावा फेटाळण्यात—"

"हरकत आहे!"

प्रोफेसरांनी डोळे मिटून घेतले.

क्रेन ताडकन उठले. "युअर ऑनर, त्यांच्या हरकतीला आमची काहीच हरकत नाही!"

"मी... मी मागे घेते!"

"मागे घ्यायला मात्र आमची हरकत आहे!"

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "मिस डफी, तुमची हरकत फेटाळली. मिस्टर क्रेन, तुमचीही फेटाळली. आणि दावाही फेटाळला. जेवायला जाऊ का मी आता?"

मिसेस ब्रँचनी नोरीनची बाही धरली. "सगळंच फेटाळलं? मग मी जायचं कुठं, पोरी?"

"कुठंच नाही, आजी! मी हरले. तुम्ही जिंकलात!"

म्हातारी मटकन बाकावर बसली आणि हातरुमालात तोंड लपवून रडली. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि या बाईला त्यात राहावं लागणार नव्हतं.

"चल," डोळे पुसत म्हातारी म्हणाली, "ॲपल पाय भाजलाय. माझ्या स्वतःच्या घरी चल."

तसं पाहिलं तर घर भाड्याचं होतं. नोरीननं तोंड उघडलं, प्रोफेसरांनी तिचा कोट धरला. पण ती कसलीही हरकत न घेता म्हातारीचा हात धरून निघाली.