धूर बाहेर, माणसं आत

आमच्या हीटरसमोर गुडघे टेकून उदबत्ती फिरवणारा माणूस पाच वेळा नमाज पढणारा होता, हे मी नाशिकला माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तिकडच्या उन्हानं डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, ते खरं दिसतंय." आता त्यांना कसं समजावणार, की ती पूजा नव्हती, तपासणी होती!

त्या माणसाचं नाव अब्बास परकार. सगळे त्यांना परकारभाई म्हणत. दाभोळच्या खाडीकाठचे, जुने मॅट्रिक, तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क. उंच, किडकिडीत, आणि मान कायम वर. मी आधी समजले की माणूस गर्विष्ठ आहे. मग कळलं, ते चालता चालता लोकांच्या गच्चीवरचे पाइप बघतात.

मी लग्न होऊन कुवेतला आले ती एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आमचे हे कंपनीत हिशेबनीस, म्हणून आम्हाला अहमदीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालेलं. वाळवंटात थंडी पडते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ट्रंकेत सहा पातळं आणली होती नऊवारी, आणि स्वेटर एकही नाही. नाशिकची थंडी मी कोळून प्यायलेली, असा माझा तोरा. पहिल्या जानेवारीतच तो उतरला. सकाळी नळाखाली हात धरवेना, आणि वारा असा की दाराच्या फटीतून आत येऊन थेट हाडांची चौकशी करायचा. त्यावर कंपनीनं इलाज केलेला होता. विहिरींतून निघणारा गॅस नळानं घराघरात आणलेला, आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला लावलेला गॅसचा हीटर. त्याच्या डोक्यावरून जस्ती पत्र्याचा पाइप निघायचा तो छतातून थेट बाहेर. मला तर तो चमत्कारच वाटला. ना कोळसे, ना रॉकेल, काडी ओढली की ऊब.

हीटर बसवून फिटर गेला आणि मागोमाग परकारभाई आले. ओळख ना पाळख. दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "सबनीसवहिनी ना? सलाम. खिडकी कुठली उघडी ठेवलीय?"

"एकही नाही," मी अभिमानानं म्हटलं. भिंतीत खाली एक जाळीची झडप होती, तीसुद्धा मी गोणपाट कोंबून बंद केली होती.

त्यांनी डोक्याला हात लावला. "वहिनी, माणसाला श्वास लागतो, तसा जाळालाबी लागतो. तुम्ही दोघं आणि हा तिसरा. तिघांच्या वाटची हवा कुठून येणार?" असं म्हणून गोणपाट उपसून काढलं आणि कोटाच्या खिशातून सामान बाहेर काढलं. आधी दाढीचा ब्रश आणि साबणाची वाटी. साबणाचा फेस करून त्यांनी गॅसच्या नळाच्या प्रत्येक जोडावर असा माखला, की आता ह्याची दाढीच करतात की काय! फेसाला बुडबुडा आला तर गॅस गळतोय, नाही आला तर जोड पक्का. मग उदबत्ती. पेटलेल्या हीटरच्या डोक्याशी, जिथं पाइप सुरू होतो तिथं ती धरायची. धूर पाइपात खेचला गेला तर पाइप मोकळा. धूर उलटून खोलीत आला, तर वर कुठं तरी अडलंय.

आमचा धूर सुतासारखा सरळ वर गेला. परकारभाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं पोरगी पास झाल्यावर बापाच्या चेहऱ्यावर पसरावं.

"धूर बाहेर, माणसं आत," ते म्हणाले. "एवढंच लक्षात ठेवायचं. बाकी सगळं इंजिनियर लोकांनी नोकरीसाठी वाढवलेलं हाय."

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं, की झोपेत बरळायला लागले असेन. सलामऐवजी लोक त्यांना तेच म्हणायचे. रस्त्यात भेटले की आमचे हे ओरडायचे, "काय परकारभाई, धूर?" आणि ते गंभीरपणे हात वर करून उत्तर द्यायचे, "बाहेर!"

चेष्टा केली की ते रागवायचे नाहीत, शिकवायला लागायचे. पाइपाला वळणं कमी हवीत. आडवा न्यायचाच झाला तर चढता न्यायचा, उतरता नको. गच्चीच्या कठड्याहून वर काढायचा, नाही तर वारा धूर परत आत ढकलतो. आणि ज्योत निळी पाहिजे. "पिवळी झाली की आजारी समजायची, लगेच बंद करायची." एकदा मी म्हटलं, "अहो, काही झालंच तर वास येईल की!" तर चेहरा एकदम बदलला. "गॅसचा वास येतो वहिनी, त्याची मना भीती नाय. जळून उरलेल्या हवेला वास नाय. माणूस झोपतो तो झोपतोच." मग मी पुन्हा म्हणून ती झडप बंद केली नाही.

पण हा माणूस बायकांच्या हळदीकुंकवात घुसला, ते मात्र मी त्यांना बरीच वर्षं ऐकवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू. वसाहतीतल्या झाडून साऱ्या मराठी बायका माझ्याकडे, ठेवणीतली लुगडी, दागिने, उखाणे अगदी रंगात आलेले. तेवढ्यात दार वाजलं आणि परकारभाई आत. खाली मान, डोळे जमिनीवर, बायकांकडे चुकूनही नजर नाही. सरळ हीटरपाशी गेले, चावी फिरवली, खटाखट सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हणाले, "रस्त्यावरनं दिसली. पिवळी होती." आणि आले तसे गेले. आम्ही सगळ्या जरीच्या पदरांत हात लपवून कुडकुडत बसलो. तिळगूळ घेताना एकेकीचे दात असे वाजत होते, की गोड बोलायचं बाजूलाच राहिलं. दुसऱ्या दिवशी फिटरनं उघडून पाहिलं तर आत बर्नरवर वाळूचा थर.

आणि नेनेवहिनींची हकिगत तर वसाहतीत अजरामर झाली. नेनेवहिनी म्हणजे स्वच्छतेचा कहर. थंडी सरताना तिथं तोझ सुटायचं. तोझ म्हणजे धुळीचं वादळ. आभाळ तपकिरी, दातांखाली वाळू, डाळीत वाळू, गादीत वाळू. पाइपातून वाळू हीटरवर पडते म्हणून नेनेवहिनी गच्चीवर चढल्या आणि पाइपाच्या तोंडाला धुतलेलं मलमल घट्ट बांधून आल्या. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, अगदी तस्सा, वर सुतळीचे चार वेढे देऊन. मला सांगा, गोऱ्या मडमेला सुचलं असतं हे? संध्याकाळी गार पडलं, हीटर पेटला, पोरं समोर अभ्यासाला बसली. परकारभाई ऑफिसातून परत येताना नेहमीप्रमाणे मान वर करून चालले होते. ते धावत गच्चीवर गेले, आणि काळं पडलेलं मलमल दोन बोटांत धरून नेन्यांच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, बरणी चांगली बांधलीत. पण आत तुमची दोन पोरं मुरत होती."

नेनेवहिनी तिथंच खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. मग परकारभाईंचीच तारांबळ. "असू द्या वो, असू द्या, झालं काय नाय," म्हणत त्यांनी पोरांना अंगणात नेऊन मोठमोठे श्वास घ्यायला लावले आणि स्वतःही त्यांच्याबरोबर घेत राहिले.

आता तुम्ही विचाराल, दुनियेचे हीटर तपासणाऱ्या ह्या माणसाचा स्वतःचा हीटर कसा होता? मागच्याच गल्लीत त्यांचं क्वार्टर. त्यांचा हीटर म्हणजे नवरदेव! पितळी चावी घासूनपुसून लख्ख, पाइप ओळंब्यात सरळ, भिंतीत दोन झडपा. फक्त तो कधी पेटलेला नसायचा. आम्ही जावं तर स्वारी कानटोपी आणि ओव्हरकोट घालून, पायांवर घोंगडी घेऊन बसलेली. आमच्यासाठी पेटवायचे, आम्ही उठलो की बंद. मी म्हणायची, "परकारभाई, गॅस कंपनीचा, चिक्कूपणा कसला?"

"एकट्याला काय करायचाय? हमीदा आली की पेटवू."

हमीदा त्यांची बायको. ह्या थंडीत येणार, असं ते दर उन्हाळ्याअखेर सांगायचे आणि ती यायची नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. परकारभाईंची अम्मा अंथरुणाला खिळलेली. दम्यानं जेर केलेलं, उठवून बसवावं लागे, रात्री तर जास्तच. मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही, अम्मेचं करायला घरात हमीदा एकटी. अम्मेला बोटीनं आणणं शक्य नव्हतं आणि तिला टाकून हमीदा येणार नव्हती. नोकरी सोडून परकारभाई गेले, तर औषधपाणी चालायचं कशावर? दोन-तीन वर्षांनी रजा मिळायची, तेवढाच काय तो संसार. मला सगळ्यात वाईट ह्याचं वाटायचं, की हमीदा कधी येईल हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कुणाला तोंडानं म्हणता येत नव्हतं. त्यांनाही कळत होतंच. 'हमीदा येऊ दे' अशी प्रार्थना तो माणूस कशी करत असेल, सांगा! ती मागावी तर आईचं मरण मागितल्यासारखं.

शेवटी तार आली, अम्मा गेल्याची. ऑफिसातच आली, आणि ते ती खिशात घालून आमच्याकडे आले. बोटीनं जायचं तर आठवडा जाणार, तिकडे माती त्याच दिवशी झालेली. ते आमच्या बैठकीत बसून राहिले. मी चहा केला, तो निवला, दुसरा केला. भेटायला लोक येत होते, त्यांतले एक शहाणे, नाव नाही घेत, समजूत घालायला म्हणून बोलून गेले, "चला, म्हातारी सुटली. आता भाभींना तरी आणता येईल."

परकारभाईंना चिडलेलं मी त्या एकदाच पाहिलं. ताडकन उठले. "माझ्या बायकोचं तिकीट माझ्या आयेच्या जनाज्यावर लिवलेलं नाय!" एवढं बोलले आणि निघून गेले. ती सगळी थंडी ते कुणाकडेही उदबत्ती घेऊन आले नाहीत. मला मेलीला तो साबणाचा फेससुद्धा आठवायला लागला.

हमीदाभाभी आल्या त्याच्या पुढच्या डिसेंबरात, ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर, बोटीनं. मी आणि आमचे हे डब्यात बटाटेवडे घेऊन संध्याकाळी गेलो. माझ्या डोळ्यांसमोर कुणी नाजूक, लाजरी बाई होती. प्रत्यक्षात रुंद खांद्याच्या, काळ्यासावळ्या, आणि जिभेला चांगली धार. मला एकदम आवडल्या. परकारभाईंनी हीटर पेटवला आणि त्यांना सगळं समजावून सांगायला लागले, इथून हवा येते, इथून धूर जातो.

"एवढासा जाळ आणि त्याला एवढा थोरला पाइप?" भाभी म्हणाल्या. "ह्याच्यासाठी चिठ्ठीचिठ्ठीत माझा जीव खाल्लास? मना वाटलं, आगबोट बांधतोस की काय!"

आम्ही पोट धरून हसलो. परकारभाईसुद्धा हसले, पहिल्यांदाच त्यांच्या पाइपावर कुणी बोलल्यावर हसले. मग भाभी गावाकडचं सांगत बसल्या, बोटीवर कोण कोण होतं, कुणाला किती उलट्या झाल्या. खोली छान उबदार झाली होती. बोलता बोलता त्या थांबल्या. मला वाटलं, पुढचं आठवतायत. पाहते तर चहाचा पेला हातात, आणि भाभी बसल्या जागी गाढ झोपलेल्या. पाहुणे समोर, तिन्हीसांजा झालेल्या, आणि बाई चक्क घोरत होत्या!

मला हसू फुटणार तोच परकारभाईंनी तोंडावर बोट ठेवलं. पेला भाभींच्या बोटांतून अलगद सोडवला, खांद्यावर स्वतःचा ओव्हरकोट घातला. खुणेनंच आम्हाला उठवलं. आम्ही चपला हातात घेऊन चोरासारखे दारापर्यंत आलो.

"प्रवासानं दमल्या असतील," मी कुजबुजले.

"प्रवासानं नाय वो, वहिनी." ते हळूच म्हणाले. "अम्मेला रातचा खोकला यायचा. हिनं उठवून बसवायचं, पाठ चोळायची, परत निजवायचं. रोजची रात. माझी आई, आणि हिनं जागायचं. अम्मा गेली तरी हिची जाग गेली नाय, इतक्या वर्षांत ती सलग अशी झोपलीच नाय. मग मी इथं ऊब घेऊन कसा झोपणार होतो, तुम्हीच सांगा."

मी मान हलवली. ते आत वळले. खुर्ची ओढली तर आवाज होईल म्हणून खाली फरशीवरच बसले, हीटरकडे पाठ करून, भाभींकडे तोंड करून.