घैसाससरांची पाठ

घैसाससर खोक्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मला बघायच्या कार्यक्रमातसुद्धा कोणी बघितलं नव्हतं. खोकं जमिनीवर असतं. सर त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारतात, बुटाच्या टोकाने हलकेच ढकलून बघतात, मान तिरकी करतात आणि डोळे अर्धवट मिटून उभे राहतात. दुपारी डिस्पॅचच्या शेडमध्ये पत्र्यांच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा येतात, त्यात धूळ तरंगत असते, आणि त्या उजेडात हा उंच, किडकिडीत माणूस खोक्यासमोर ध्यान लागल्यासारखा उभा असतो. मग मंद आवाजात निकाल येतो, "हे दोघांचं आहे." त्यानंतर ते खोकं एकट्याने उचलायची कोणाची हिंमत नसते.

हडपसरला आमचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. सर तिथले सेफ्टी ऑफिसर आणि मी अकाउंट्सला. हेल्मेट, गॉगल, आग विझवायचे लाल डबे हे सगळं त्यांच्याच अखत्यारीत येतं, पण त्यात त्यांचा जीव नाही. त्यांचा जीव माणसाच्या पाठीत. लोक सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीबद्दल ज्या स्वरात बोलतात, त्या स्वरात सर कमरेच्या मणक्यांबद्दल बोलतात. नवीन माणूस आला की त्याला बाजूला घेऊन सांगतात, पाय जरा फाकवून उभं राहा, गुडघ्यांत वाका, ओझं पोटाशी धरा. लांब धरलं की ओझं परकं होतं आणि परकं ओझं जड लागतं. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर वळवू नका. शेडच्या दारावर त्यांनी पाटी लावली आहे : 'पाठ एकच मिळते. स्टोअर्समध्ये दुसरी शिल्लक नाही.' स्टोअर्सवाल्यांना ही आपल्या कामावर टीका वाटली आणि ते काही दिवस सरांशी बोलत नव्हते.

'एक, दोन, तीन' म्हणून उचलण्यावर सरांचा विश्वास नाही. निम्मे लोक 'तीन'ला उचलतात आणि निम्मे 'तीन'नंतर, आणि त्या मधल्या क्षणात कोणाची तरी कंबर जाते, असं त्यांचं निरीक्षण. त्यांची पद्धत अशी की एकाने 'गणपती बाप्पा' म्हणायचं आणि 'मोरया'ला सगळ्यांनी मिळून उचलायचं. मार्चमध्ये मुंबईहून ऑडिटर आले होते. भिंतीपलीकडून दिवसभर मोरया ऐकून शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, की तुमच्याकडे गणपती वर्षभर असतो का. मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार?

जेवणं झाली की ऑफिस पेंगायला लागतं. पंखे फिरत असतात, कीबोर्डची टकटक संथ होते, आणि त्या अर्धवट झोपेत सर टेबलांखाली वाकून आमची पावलं बघत फिरतात. माझी उंची बेताची, पाय खुर्चीवरून लोंबकळायचे. एकदा झापड उतरल्यावर बघते, तर पायाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. कधी आली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. मॅनेजरांचा कॉम्प्युटर त्यांनी कागदाचे गठ्ठे खाली सारून डोळ्यांच्या उंचीला आणला. मान ताठ झाल्यापासून साहेबांचा स्वभाव निवळलाय असं सरांचं मत आहे. आमच्या बघण्यात तसं काही आलेलं नाही.

स्वतःला तर ते काचेच्या भांड्यासारखं जपायचे. डबा दोन पिशव्यांत वाटून आणायचे, दोन्ही हातांना सारखं वजन. शिंक आली तरी आधी भिंतीला हात लावायचे आणि मग शिंकायचे. आम्ही मागे हसायचो. एकदा चहा घेताना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काल स्वप्न पडलं. सगळ्या वस्तूंना कड्या होत्या. पोत्यांना, पिंपांना, झाडांनासुद्धा. कुठूनही धरा आणि उचला." बोलताना त्यांचा चेहरा इतका सुखी दिसत होता, की मी हसू गिळलं.

त्याच दिवशी त्यांनी मालूताईंबद्दल सांगितलं. मालूताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आई लवकर गेली, सरांना ताईंनीच वाढवलं, आणि त्या नादात दोघांचीही लग्नं राहून गेली. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये दोघंच राहतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर ताईंचे पाय ऐकेनासे झाले. दिवसा एक बाई सोबतीला असते, पण सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर सरच घेतात. एकदा त्या बाईंचा हात निसटला होता, तेव्हापासून ताई दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. आणि ताईंनी सरांकडून एक वचन घेतलं होतं. ज्या दिवशी तुझी पाठ धरेल त्या दिवशी मी वृद्धाश्रमात जाणार आणि तू अडवायचं नाहीस, एका घरात दोन आडवी माणसं नकोत. धायरीचा एक वृद्धाश्रम त्यांनी पसंतही करून ठेवला होता.

"ती शब्दाची पक्की आहे हो," सर कपात बघत म्हणाले. "तोच घोळ आहे."

आम्ही ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो, ती या माणसाची रोजची भीती होती. त्यांची पाठ शाबूत होती तोवरच ताई घरात होत्या.

आणि ती पाठ गेली खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं पुसून, धुऊन, हळदकुंकू लावून सजवतात. सरांच्या आग्रहाने माल ओढायच्या हातगाड्यांचीही पूजा होते. झेंडूच्या फुलांनी भरलेली पाटी दाराबाहेर उभ्या केलेल्या एका स्कूटरच्या पायाशी ठेवलेली होती. सर शेडच्या दारातून कोणाशी तरी बोलत आले आणि बोलता बोलताच कमरेत वळून पाटी उचलायला वाकले. फेरी नाही, बुटाचं टोक नाही, गुडघे नाहीत. फुलांना काय बघायचं? तर पाणी मारल्यामुळे ती फुलं ठिबकत होती आणि पाटी जड झाली होती. सर जे वाकले ते वाकलेच राहिले. मग हळूहळू खाली बसले आणि सांडलेल्या झेंडूत आडवे झाले. मी धावत गेले, तर त्यांनी एवढंच म्हटलं, ताईला कळू देऊ नका.

कंपनीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, स्नायू धरलाय म्हणाले, काही दिवस पडून राहायला सांगितलं. मी त्यांना रिक्षाने घरी घेऊन निघाले. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते डोळे मिटायचे. मध्येच म्हणाले, धायरीहून हडपसरला यायचं तर बस कुठून मिळते? मला आधी कळेना. मग कळलं, की हे ताईंच्या वृद्धाश्रमाजवळ खोली बघायच्या विचारात आहेत.

दार सोबतीच्या बाईंनी उघडलं आणि त्या घरी जायला निघाल्या. आत जायच्या आधी सरांनी अंग ताठ केलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि नवऱ्यामुलासारखे चालत गेले. ताई खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. वर्गात कॉपी पकडावी तसं त्यांनी एका नजरेत पकडलं.

"कशाने गेली?" त्यांनी विचारलं.

सरांनी हसू तसंच ठेवलं. मग मीच झेंडूचं सांगितलं. ताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. कर्वेनगरचे दिवे लागत होते. सर भिंत धरून उभे होते.

"शरद, आपलं ठरलं होतं ते ओझ्याचं," ताई शेवटी म्हणाल्या. "झेंडूचं काही ठरलं नव्हतं. उभा काय राहिलास, सतरंजीवर आडवा हो."

सर आडवे झाले. ताईंनी आपल्या पाठीमागची उशी ओढून काढली आणि त्यांच्या गुडघ्यांखाली सारायला माझ्याकडे दिली. मग माझ्याकडे बोट करून सरांना म्हणाल्या, "आता या बाईंना सांग, मला कसं उचलायचं ते."

सर बोलायला लागले, पण पहिलंच वाक्य अर्ध्यावर राहिलं. पडल्या पडल्या त्यांनी हात लांब केला आणि खुर्चीचा ब्रेक लागलाय का ते चाचपलं. ताईंनी तो हात धरला आणि सोडलाच नाही. मी पदर खोचून पलंगापाशी उभी राहिले. मला काही घाई नव्हती.