ध्यानाच्या तासाला गैरहजर

आमचे राव सर ध्यानाच्या तासाला खडू फेकून मारायचे. वर्गात साठ जण डोळे मिटून बसलेले, आणि कुणाचा गुडघा हलला की खडू थेट कपाळावर. इतर तासांना निदान खडू येताना दिसतो, चुकवता तरी येतो. इथे डोळे उघडले की त्याबद्दल दुसरा. ‘शांत बसा’ हे दोन शब्द इतक्या संतापानं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

‘माइंडफुलनेस’ हा विषय आमच्या चेन्नईच्या कॉलेजात बी.कॉम.वाल्यांनाही सक्तीचा होता. मनःशांती सक्तीची आणि तिची पंचाहत्तर टक्के हजेरीही सक्तीची. मी मूळची साताऱ्याची. बाबा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, घर अण्णा नगरला. सकाळी सहाला बाबा कंपनीच्या बसनं एकीकडे, साडेसातला मी मेट्रोनं दुसरीकडे. एवढी धावपळ करून धापा टाकत यावं आणि कुणीतरी ‘आता श्वासाकडे बघा’ म्हणावं, की माझं डोकंच फिरायचं.

डोकं सरांचंही फिरलेलं असायचं, पण वेगळ्या कारणानं. तीस वर्षं त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं. पुढे त्या शाखेला मुलं मिळेनात, कॉलेजनं शाखा बंद केली आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाच्या गळ्यात हे ध्यान मारलं. “जन्मभर आत्मा शिकवलों,” ते मला म्हणायचे, “आतां साठ नाकें मोजतों.”

हे मराठीत, कारण सर तंजावरचे. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि जाताना नेलेली मराठी त्यांनी तशीच जपून वापरली. परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी मला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली आणि तो आनंद संपला.

सरांना ‘प्रेझेंट सर’ चालत नसे. पंधरा मिनिटं झाली की एकेक नंबर पुकारून ते विचारायचे, मन कुठं होतं? अख्खा वर्ग ठोकून द्यायचा, “श्वासावर, सर.” मी बावळटासारखं खरं सांगितलं, “कॅन्टीनच्या वड्यावर.”

“देह आला, मन नाहीं आलें. गैरहजर.”

चार दिवसांनी मीही शहाणी झाले आणि ‘श्वासावर’ म्हणायला लागले. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुझें तोंड खोटें बोलत नाहीं गो. गैरहजर.” म्हणजे खरं बोललं तरी गैरहजर आणि खोटं बोललं तरी गैरहजर. साठजणांत एकटीच मी.

गैरहजेरी पुसून घ्यायची तर मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन कारण द्यायचं, तेही मराठीत. मी जायची ती भांडायलाच. सर कॉफीचा पेला पुढ्यात घेऊन ऐकत बसायचे. “सर, तुम्ही फार खडूस आहात,” असं मी एकदा तोंडावर म्हणून गेले. त्यांचा पेला हवेतच थांबला. “काय म्हण्लीस? पुन्हां म्हण.” मी दुप्पट जोरानं म्हटलं. त्यांनी एक लांबडी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं, आणि गैरहजेरी काही पुसली नाही.

मग दर वेळी तेच. मी भडकायची, ते वहीत लिहायचे. लिहायचे तमिळ अक्षरांत, आणि माझं तमिळ वाचन बसच्या पाटीपुरतं. पानावर माझा नंबर मात्र ठळक दिसायचा. प्रिन्सिपॉलकडे द्यायला माझ्याविरुद्ध पुरावा गोळा होतोय, याबद्दल माझी खात्री पटली होती.

त्यातच येत्या जूनमध्ये बाबांची पुण्याला बदली होणार असं ठरलं. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे घरचे पुण्याला आणि मी एका विषयासाठी वर्षभर इथल्या हॉस्टेलात. “ध्यानात नापास होणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच,” आई म्हणायची. मला रडू यायचं आणि सरांना त्यांचाच खडू फेकून मारावासा वाटायचा.

मार्चमध्ये हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. मी ती तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं. ऑफिसात विचारलं, तर तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, “राव सरांचा तास ना? शंभर टक्के, मा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबंध सत्र मी रात्रंदिवस धास्तावलेली, आणि हे म्हातारबाबा रोज माझी हजेरी लावून मोकळे. तशीच स्टाफरूममध्ये शिरले. सर एकटेच होते.

“का छळलंत मला?” मी म्हटलं. “त्या वहीत काय लिहिता माझ्याबद्दल?”

सरांनी वही माझ्याकडे फिरवली. मला वाचता येत नाही म्हटल्यावर एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. “खडूस. पकवूं नका. डोक्यांत जाणें. डोक्याला शॉट.” सगळे माझेच शब्द. तारीखवार.

“हे आमच्या मराठींत नाहींत,” सर म्हणाले. “आक्काला सांगायला लिहिलों. माझी थोरली बहीण, तंजावरला. रोज सांजेस फोन करीं. ‘आज ती पोरगी काय भांडली’ म्हणून विचारी. घरांत मराठी बोलणारीं आम्ही दोघेंच. पोरांना तमिळ, नातवांना इंग्लिश.”

“मग तसं सांगायचं ना. मी सरळ येऊन बोलले असते.”

“म्हाताऱ्याशीं सरळ कोण बोलतें गो? अस्की, सगळीं पोरें गुड मॉर्निंग म्हणून जातात. भांडणारें मात्र दोन घटका थांबतें.”

सरांनी वही मिटली. “आक्का गेली,” ते म्हणाले. “पोंगलाच्या आधीं.”

पोंगल म्हणजे आपली संक्रांत, जानेवारीत. म्हणजे दोन महिने हा माणूस सांगायला कुणी उरलं नसतानाही मला गैरहजर मांडत होता, लिहीत होता. वाईट वाटलंच, पण त्याआधी राग आला. एवढं घडलं, आणि मी रोज येऊन या माणसाला वाट्टेल ते बोलत राहिले.

“आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? एक नंबरचे घुमे आहात तुम्ही.”

“घुमे,” सर हळूच म्हणाले. पेन काढून त्यांनी ते लिहिलं. मग सवयीनं त्यांचा हात फोनकडे गेला आणि तिथंच राहिला.

मी समोरची खुर्ची ओढून बसले. पुढच्या तासाची घंटा होऊन गेली होती.

“पहिल्या पानापासून वाचा,” मी रागातच म्हटलं. “आणि एकेका शब्दावर आक्का काय म्हणाल्या, तेही सांगा.”